तुडुमाचं तिसरं भोक

राइस मिलमधून फॉर्म आला. चार रकाने:
शेती, मासेमारी, ऊर्जा, बांधकाम.
खाली बारीक अक्षरात:
पर्यावरणासाठी काय उपाय केले ते थोडक्यात लिहा.
आपला तांदूळ आता समुद्रापार जातो म्हणे,
आणि तिकडचे लोक पोतं उसवण्याआधी विचारतात,
यामागे पाणी किती, धूर किती.

मी ढिवर संस्थेची सचिव, अक्षर बरं आहे म्हणून.
चिचटोल्यात तलाव एकच.
थोडक्यात कसं लिहू?

शेतीच्या रकान्यात टोपराम कापगते उभा,
चैत्रातलं उन्हाळी धान पोटरीवर आलेलं,
"बाई, तुडुमाचं तिसरं भोक खोला ना जी,
आठ दिवसांत करपल सारं."
मासेमारीच्या रकान्यात माझा दीर केवळराम,
गुडघाभर पाण्यात, हातातलं जाळं कोरडं,
"खोला, खोला. बिजाच्या मरळी
बगळ्याईले वाटून टाका."
दोघंही खरं बोलतात.
फॉर्मवर दोघांना मिळून ओळ एकच.

ऊर्जेच्या रकान्यात कंपनीचा यशपाल,
पांढरे बूट, पाळीवर नकाशा पसरून:
पाण्यावर तरंगत्या सौर पाट्या,
वीज तिकडे, सावली इकडे.
पंचफुलानं विचारलं,
"सावलीखाली चिला उगवते का, भाऊ?"
चिला ही वनस्पती त्याला माहीत नव्हती.
ती मासोळीचं घर आहे, हेही नाही.
त्यानं वहीत लिहून घेतलं,
चि पहिला की दुसरा, तेवढं विचारलं.
मग वर्षभर आला नाही.

बांधकाम. भट्टीवाल्याला आमचा गाळ हवा होता,
ट्रॅक्टर पाळीशी लावून मोकळा झाला होता.
आम्ही समाजभवन राखेच्या विटांचं बांधलं,
थर्मलची राख, पैसे फक्त गाडीभाड्याचे.
भिंत करडी आहे. नख ओढलं
तर शाळेतल्या पाटीसारखी किंचाळते.
गाळ वाचला, हे लिहिलं.
ती राख ज्या कोळशाची,
तो कोळसा कुठल्या रकान्यात, ते कळलं नाही.

त्या भवनातच बैठक झाली, रंग द्यायच्या आधी.
कापगते दोनदा उठून गेला,
दोनदा चप्पल विसरली म्हणून परत आला.
रात्री अकराला ठरलं:
पहिलं भोक धानाचं, दुसरंही धानाचं,
तिसरं पाऊस येईपर्यंत कोणाचंच नाही.
केवळरामनं बुडी मारून
सागाचा गुट्टा ठोकला, डांबरात भिजवलेलं फडकं गुंडाळून.
त्या चैत्रात कापगतेचं अर्धं धान गेलं.
माझ्या दारावरून जाताना तो खोकला नाही,
आधी खोकायचा.

मग आम्ही बाया बेशरम उपटायला उतरलो,
मुळासकट, नाहीतर ती नावाला जागते.
उघड्या झालेल्या चिखलात
चिला, गाद, टाचेनं दाबून लावत गेलो.
पहिल्या वर्षी जाळ्यात आधीपेक्षाही कमी आलं.
फॉर्मवर 'अडचणी' म्हणून जागा होती, तिथं लिहिलं.
दुसऱ्या वर्षी कापगतेनं उन्हाळी धान सोडून
अर्ध्या बांदीत लाखोरी फेकली.
कोणी विचारलं तर म्हणतो, गुडघे दुखतात.
आणि आषाढात सासूनं टोपल्यात हात घालून
एक बोटभर मासोळी उन्हाला धरली,
नाव आठवेना तिला.
संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता ओरडली, "दाडक!"

मी चारही रकान्यांवरून आडवी एकच ओळ लिहिली:
तिसरं भोक खोललं नाही.
मिलच्या मुनीमानं फॉर्म परत पाठवला,
लाल शाईत: रकान्याबाहेर लिहू नये.

आता नवा फॉर्म कंदिलाजवळ ठेवलाय, लाइट गेलीय.
ओळीचे चार तुकडे करायचे आहेत.
'तिसरं' शेतीत टाकू,
'भोक' कुठं?

पहाटे केवळराम तुडुमापाशी जातो,
पाण्यात पाय सोडून
अंगठ्यानं गुट्टा चाचपतो.
पाळीवरून मी हाक मारते.
तो वर न बघता म्हणतो, "हाय."