सिमेंट धरायला किती वेळ

सुमय्याने मोबाइलवर नऊ प्रश्न लिहून दिलेत:
भूल कुठली, जंतुसंसर्गाचं काय,
रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी बंद,
किती रात्री इथे.
चांगले आहेत. पोरगी शिकलेली आहे.
पण एकतीस वर्षं मी या मस्कतात
गुडघ्यांवरच चाललोय, डॉक्टर,
बादली पुढे सरकवायची, मग आपण.
तेव्हा आधी माझं विचारू द्या.

हाड आणि लोखंडाच्या मधे काय भरता?
ब्लेसी सिस्टर माझं हिंदी त्यांच्या इंग्रजीत ओतते,
अर्धं सांडतं.
सिमेंट?
सिमेंटच म्हणाले ना? पुन्हा विचार.
मग धरायला किती वेळ देता?
आम्ही चोवीस तास फरशीवर मांजर फिरकू देत नाही,
आणि तुम्ही दुसऱ्या सकाळी मला उभा करणार.

लेव्हल कशाने बघता?
डावा पाय दोन सूत बाहेर गेलाय,
रुकैया म्हणते लग्नात नव्हता.
दोरी धरता, की नजरेनेच?

टिकेल किती?
पंधरा वर्षं, वीस, नशीब असेल तर जास्त.
बौशरला एका दिवाणखान्यात माझा संगमरवर
सव्वीस वर्षं झाली, केसाएवढी चीर नाही.
पण त्याच्यावर कुणी जिने चढत नाही, हेही खरं.

सजद्यात गुडघा टेकेल का?
हा शब्द डॉक्टरांना सिस्टरशिवाय कळला.
मिसरचे आहेत.
टेकेल कदाचित, म्हणाले, पण खुर्चीवर करा,
अल्लाहला चालतं.
अल्लाहला चालतं ते मला ठाऊक आहे.
मी गुडघ्याचं विचारतोय.

आत्तापर्यंत किती बसवलेत?
सहाशेच्या वर.
आणि उखडून पुन्हा बसवावे लागले ते?
सिस्टरने माझ्याकडे पाहिलं.
विचार, पोरी.
डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
अकरा.
मग कुणी न विचारता:
त्यातला एक माझ्या चुकीने.

मी मोबाइल खिशात टाकला.
माझी एकही लादी फुटली नाही म्हणणारा मिस्त्री
मी कधी कामावर घेतला नाही.

पैशाचं यांना विचारून उपयोग नाही.
कंपनीचा विमा म्हणे गुडघ्याच्या अलीकडेच थांबतो.
फोरमन म्हणतो, हमदुले, खेडला जाऊन करून घे,
परत ये, हे मात्र तो म्हणत नाही.

काढलेलं हाड कुठे टाकता, हे ओठांवर आलं होतं.
नाही विचारलं.
मीही कुठल्या घरमालकाला सांगितलंय
त्याची जुनी फरशी कुठे गेली?

बाहेर पडताना लॉबीत,
खांबापासून तिसरी लादी
काठीखाली पोकळ वाजली.
पुन्हा ठोकून पाहिली.
खाली माल कमी पडलाय, एका कोपऱ्यात.
पहारेकरी उठून आला, काय झालं बाबा, म्हणाला.
त्याला खाली वाकून दाखवणार होतो.