तोफेआधी

डॉक्टर ल्येर्का स्वतः रविवारी चर्चला जाणारी.
रमजानच्या सहा आठवडे आधीच म्हणाली,
"रिफेत, रोजे ठेवू नकोस म्हटलं तर ऐकशील?"
मी खिडकीतून लाश्वा नदीकडे बघत राहिलो.
"मग निदान मी सांगते तसे ठेव."

सकाळची गोळी संध्याकाळवर गेली.
रात्रीच्या सुईतले काही थेंब तिने काढून घेतले.
आणि एक कार्ड, तिच्या घाईच्या अक्षरात:
चारच्या खाली किंवा सोळाच्या वर,
रोजा तिथेच संपला.
"तिथेच"खाली दोन रेघा.
"तोफेची वाट बघायची नाही."
सांगत होती कुणाला!
त्राव्निकची तोफ मीच उडवतो,
एकोणीस वर्षं.

इमामसाहेबांना विचारलं, बोट टोचून पाहिलं तर रोजा मोडतो?
"रक्ताचा थेंब म्हणजे घास नव्हे," ते म्हणाले.
आणि मग, माझ्याकडे न बघता,
"आजाऱ्याला सूट आहे. दिलेली सूट नाकारणं
हाही एक गर्वच."
मला वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत.

अठरा दिवस निभावले.
झुम्रा पहाटे उठून घेवडा शिजवायची,
अंडी, दही, जवाची भाकरी.
"पांढरा पाव म्हणजे पेंढ्याची आग,
भडकली की विझली.
हे खा, हे निखारा धरून ठेवील."

एकोणिसावा दिवस. जून महिना,
उजेड संपता संपत नव्हता.
किल्ल्याच्या चढावर पाय माझे राहिले नाहीत.
मानेवर घाम, गार.
समोरच्या मिनाराचे दोन मिनार झाले.
एनिस बुरुजावर दारू ठासत होता.
मी त्याला म्हटलं, चढ फार आहे. म्हटलं, वय.
यंत्राने थेंब चाखला, पाच सेकंद विचार केला.
तीन पूर्णांक चार.

सूर्यास्ताला सव्वीस मिनिटं.

खाली गाव पावाच्या रांगेत उभं,
सोमूनवरच्या काळ्या तिळांचा वास इथवर.
एवढ्या जणांचे घास
माझ्या थरथरत्या हातावर अडलेले.
आणि मनात आलं
(सांगायला लाज वाटते)
तोफच आधी उडवावी.
सगळ्यांचाच मोडला
तर माझा एकट्याचा मोडणार नाही.

एनिस बावीस वर्षांचा. त्याने आकडा पाहिला.
बोलला काहीच नाही.
पिशवीतून जर्दाळूच्या रसाचा डबा काढला.
झुम्राने दिलेला. त्याला, मला नव्हे.
पहिल्याच रोज्याला.
नळी खोचून डबा माझ्या हातात दिला
आणि पाठ वळवून उभा राहिला,
समोरचा कपडे बदलत असताना
राहतात तसा.

शुभ बोलणाऱ्याला म्हणतात,
तुझ्या तोंडात साखर पडो.
मी काही शुभ बोललो नव्हतो.
तरी पडली.

पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट. पाच पूर्णांक एक.
मिनार पुन्हा एक झाला.
हात ओळखीचे वाटू लागले.

मग वेळ झाली आणि मी पलिता लावला.
आवाज दरीत जाऊन परत आला,
कबुतरं उठली, मिनारांवर दिवे लागले,
हजारो तोंडांत एकदम खजूर.
एनिसने नेहमीसारखा एक पुढे केला.
मी घेतला.

रात्री झुम्राला सांगायला तोंड उघडलं.
"कळलंय," ती म्हणाली, आणि कढई शोधू लागली.
उरलेल्या प्रत्येक दिवसामागे
एका गरजूचं ताट, असं तिने मोजलं.
आजचाही धरून बारा.
"तोफ मात्र तूच उडव."

दुसऱ्या दिवशी दुपारी
खिडकीचा पडदा ओढून मी जेवलो.
तिसऱ्या दिवशी
ओढायचा राहिला.