पण

देल्फीला, देवळाखालच्या भिंतीवर,
पाथरवट अक्षराच्या हिशेबाने मजुरी घेतो.
आज त्याच्या छिन्नीखाली सोफ्रोना आली आहे:
थ्रेसची, विणकाम येतं, वय लिहिलेलं नाही.
तीन मिना चांदी. घेणारा अपोलो, खुद्द.
देवाने विकत घेतली की ती माणसाची राहत नाही,
अशी इथली रीत.
जाईल तिकडे जावो, करील ते करो,
कुणी तिचा हात धरू नये,
पण
मालकीण आहे तोवर तिच्यापाशी राहावं,
सांगेल ते ऐकावं,
आणि निघताना पाळण्यातलं एक मूल मागे ठेवावं.
पाथरवट पुन्हा मोजतो.
'पण'ची दोन अक्षरं.
तीही हिशेबात धरतो.

बुर्सात काझीच्या वहीत शिरमर्दचं नाव आहे.
बापाचं नाव अब्दुल्ला, देवाचा दास;
ज्यांचा बाप कुणालाच ठाऊक नाही
त्या सगळ्यांचा हाच बाप.
करार असा: मखमलीचे चाळीस तागे विण, मग तू सुटा.
पण वीण सैल निघाली तर तो तागा धरायचा नाही.
सव्विसावा धरला नाही.
एकतिसावा धरला नाही.
चाळिसाव्यात, काठापासून वीतभर आत,
त्याने एक लाल धागा मुद्दाम चुकवला
आणि श्वास रोखून उभा राहिला.
मालकाने बोट फिरवलं. पुढे गेलं बोट.
कुठल्या परदेशी सरदाराच्या खांद्यावर
तो धागा म्हातारा झाला असेल, देव जाणे.

बार्बाडोसमध्ये पहाटेच घंटा वाजल्या. सुटले सगळे!
पण सहा वर्षं शिकाऊ म्हणून तिथेच राबायचं, त्याच मळ्यात.
'उसाचं आता काय शिकायचं राहिलं?' मिंगोने विचारलं.
चाळीस वर्षं तोडत होता.
भरपाई मंजूर झाली होती,
माणशी,
मालकाला.

आपल्या भाषेत पण म्हणजे जुनं नाणंही
आणि पण म्हणजे प्रतिज्ञाही.
साल्वादोरच्या चढावर लापशी विकणारी एस्कोलास्तिका
ही भाषा कशाला ऐकेल;
पण ती रोज रात्री
एक नाणं भोपळ्यात टाकते आणि शपथ घेते,
आवाज न करता, दोन्ही एकदम.
अकरा वर्षांनी भोपळा जड झाला
तेव्हा तिने स्वतःला सोडवलं नाही.
पोटातली पोर जन्मली, बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी
पाद्र्याच्या ओल्या हातासमोर तिने भोपळा फोडला.
पोरीच्या डोक्यावर पाणी, फरशीवर तांब्याचा खणखणाट,
आणि नाणी वेचायला वाकलेला मालक.
कागद मिळाला. तिला वाचता येत नव्हतं.
शाईच्या डागावरून ओळखायची, बेडकासारखा डाग.
त्यातही होतंच: पोर कृतघ्न निघाली
तर सुटका मागे घेता येईल.
कृतघ्न म्हणजे काय, ते कुठे लिहिलं नव्हतं.
वाळवी लागू नये म्हणून ती कागदाला मिरपूड चोळत राहिली,
आणि चढावर उभी राहून पुन्हा पहिलं नाणं टाकलं,
दुसऱ्या भोपळ्यात.

मालकीण नव्वदीपर्यंत जगली.
सोफ्रोना भिंतीपाशी आली तेव्हा
दात गेले होते, चाल गेली होती.
पाथरवट केव्हाच मेला होता. त्याचा मुलगा होता.
'माझं कुठलं?' तिने विचारलं.
त्याने दाखवलं: गुडघ्याच्या उंचीवर, शेवाळ धरलेलं.
'आणि त्यातलं ते कुठलं, ज्याच्यामुळे मी राहिले?'
त्याला शोधायला वेळ लागला.
दोनच तर अक्षरं.
ती बसली, अंगठा ओला केला,
आणि त्या दोन अक्षरांवर दाबून धरला.
'आता वाच,' म्हणाली.
'तिथपर्यंतच.'