हातमोज्यांचं कपाट

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
आमच्या हाप्सालूत नोव्हेंबर लागला
की पाय दिसतच नाहीत कुणाचे.
लोकरी मोजे, त्यांवर बूट, बुटांवर चिखल झालेला बर्फ.
मी बघते ते हातमोजे,
वाळवणीच्या गरम कपाटात टांगलेले,
वाफाळणारे, ओल्या मेंढीच्या वासाचे.

तालिनहून फॉर्म आलाय. चार चौकोन.
धीट, बुजरा, हट्टी, समजूतदार.
एका मुलाला एकच खूण, पेनानं,
शुक्रवारपर्यंत.

खरं तर फॉर्मची गरजच नव्हती.
सव्वीस वर्षं मी हेच करत आलेय,
पहिल्या दिवशी, दारातच, मनातल्या मनात.
उकू आला तो आईचा हात सोडून
थेट घसरगुंडीच्या शिडीवर. धीट.
लेम्बे लापशीतला मुरांबा बाजूला काढते,
शेवटी एकटीच खाते, मागितला तर देत नाही,
पण कुणी रडलं तर न मागता अर्धा देते.
हिला कुठल्या चौकोनात घालू?
तानेल दुपारी पांघरुणाची घडी घालतो,
मोडतो, पुन्हा घालतो,
कोपऱ्याला कोपरा लागल्याशिवाय डोळा मिटत नाही.
त्याचे आजोबा बंदरात दोरखंड गुंडाळायचे, तेही असेच.
हे रक्तातून येतं की बघून बघून?
शिक्षिकेच्या कोर्सला शिकवलं होतं.
तेव्हाही कळलं नव्हतं.

आणि सॅदे.
सप्टेंबरपासून अकरा शब्द बोललीय. मी मोजलेत.
सगळे गोलात बसले
की ही गोलाच्या वीतभर बाहेर.
बुजरी, असं सोमवारीच लिहून टाकलं,
शाईसुद्धा वाळली.

बुधवारी कपाटाचा फ्यूज उडाला.
सगळे हातमोजे मी जमिनीवर ओतले,
बाहेर जायची वेळ, अकरा जणांचं माझा माझा,
नावांच्या पट्ट्या धुण्यात कधीच्याच गेलेल्या.
सॅदे उठली.
ढिगाशी उकिडवी बसली
आणि एकेक उचलून ज्याच्या त्याच्या हातात दिला,
दुकानदार सुटे पैसे देतो तसा,
तोंडाकडे न बघता.

तुला कसं गं कळतं?
तिनं उकूच्या मोज्याचा अंगठा दाखवला,
चावून चावून दोरा निघालेला.
"वर चढला की चावतो. खाली बघत नाही तो."
लेम्बेचा हलवला, आत खडे वाजले.
"हे तिच्या बाळाला. बाळ अजून यायचंय."
तानेलचे दोन्ही एकात एक खुपसलेले.
"आजोबा आता घरी नसतात ना, म्हणून."

शेवटी तळाशी एक उरला, करडा, मोठा.
"हा तुझा," ती म्हणाली.
"फोन वाजला की तू उलटा करतेस,
मग सुलटा, मग उलटा."

माझी आई महिनाभर पार्नूच्या इस्पितळात आहे.
इथे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी मी शिडीखाली जाऊन उभी राहिले.
उकू वर. अंगठा तोंडात.
त्याच्याकडे मी आजवर
नेहमी लांबून, कौतुकानं बघितलं होतं.

शुक्रवारी मुलं निजल्यावर फॉर्म काढला.
बुजरी खोडायला गेले तर कागदच फाटला,
तिच्या ओळीतून थेट उकूच्या ओळीपर्यंत.
चिकटपट्टी लावली. तसाच पाठवला.
तालिनच्या बाईंचा फोन येईल, येऊ दे.

संध्याकाळी, म्हणजे साडेचारच्या अंधारात,
सॅदेचा बाप आला, टोपीवर बर्फ, नाव पेप,
रोज विचारतो तेच विचारलं त्यानं,
आज काही बोलली का?
सॅदे बाकावर बसून स्वतःची चेन ओढत होती.
"सूप दोनदा घेतलं," मी म्हटलं.
तिनं मान वर केली
आणि माझ्या हातांकडे बघितलं.
मी हात खिशात घातले.