वाफसा

लग्न उठलं, मांडव उतरला,
मग मी गवताकडे पाहिलं.

आचाऱ्याने बट्ट्यांसाठी गोवऱ्यांचा आर घातला होता, तिथे
काळं रिंगण, बैल बसेल एवढं.
जनरेटरखाली डिझेलचा डाग.
डीजेपुढे पोरं नाचली तिथली माती
अशी दबली की पहार टणकन मागे येते.
आणि आदल्या रात्रीच्या अवकाळीत रुतलेले
खुर्च्यांचे पाय. चार-चार भोकं, रांगेने,
जणू कुणी अजून पंगतीची वाट बघतंय.

धुळे रोडवरचं हे लॉन्स, अमळनेरच्या बाहेर.
पाटी इंग्रजीत, माती आपली काळी.
ओली असली की चप्पल ठेवून घेते,
वाळली की कोपरापर्यंत हात जाईल अशी फाटते.

हिलालआप्पा म्हणाले, "रत्ना, बारा दिवस. मग पुढची तिथी."
त्यांचा भाचा हर्षल, शेतकी शिकलेला,
म्हणाला, बोरीची वाळू ओता, भेगा भरतील.
मी म्हटलं, काळ्या मातीत नुसती वाळू म्हणजे वीट.
गवत राहू दे, भिंत बांधा.

तीन दिवस आप्पांना वाटलं मी नुसती बसून आहे.
ऊन उतरलं की पाणी सोडायचं, तुंबलं की बंद.
मिसरी लावून होईल एवढं थांबायचं. परत सोडायचं.
कोरडी काळी माती म्हणजे रुसलेला जावई,
पहिलं ताट परत पाठवते.
मग वाफशाची वाट.
पहाटे मूठ दाबायची. गोळा झाला पाहिजे,
आणि अंगठा लागताच फुटला पाहिजे.
हाताला चिकटला तर थांब.
ढेकूळ झालं तर कालच यायला हवं होतंस.

चौथ्या पहाटे तो आला.
वितीवितीवर पहार, भोकात जुनं शेणखत, जिप्समची चिमूट.
रिंगण चार बोटं खरवडलं.
डिझेलची माती पोत्यात भरली, तिला काही बोलले नाही.

एका भेगेत जोडवं दिसलं. हातभर खाली, चांदीचं.
तार घातली तर आणखी खाली गेलं.
नवरीकडे फोन लावला. म्हणाले, आमचं नाही.
नवरदेवाकडचेही तेच म्हणाले.
रात्री पाणी पिऊन माती फुगली
आणि भेग मिटली.
उन्हाळ्यात ती तिथेच उघडते, दरवर्षी.

आणि मग हरळी.

माझ्या मायने जन्मभर निंदणीत हीच उपटली,
कपाशीत, भुईमुगात, लोकांच्या वावरात.
"बांधवर फेकी दिधी तरी," म्हणायची,
"ती पानीनी वाट देखस."
दहाव्या वर्षापासून मीही तिच्या मागे, तिच्याच पाती धरून,
मुळी तुटली की पाठीत धपाटा.
आता मी ती शेजारच्या बांधावरून मागून आणते,
विळ्याने तुकडे करते,
दोन पेरं आत, एक बाहेर,
टाचेने दाबते, वर ओलं गोणपाट.
उपटायचे बारा रुपये मिळायचे, लावायचे साडेतीनशे.
माय असती तर हसली असती,
नाहीतर दुसरा धपाटा.

बाराव्या दिवशी बाकी सगळं हिरवट झालं,
रिंगण नाही. खोटं कशाला बोलू.
आप्पांनी त्यावर प्लास्टिकचं गवत अंथरलं.
पाहुण्यांनी तिथेच उभं राहून फोटो काढले,
चांगले आले असतील.

शेवटची गाडी गेल्यावर मी कोपरा उचलला.
पेरांना कोंब होते, पिवळे, दबलेले,
एक त्या प्लास्टिकच्या भोकात डोकं घालून बसलेला.
हळूच सोडवला.
गुंडाळी करून भिंतीला लावली.
पाणी सोडलं.
तुंबलं, बंद केलं.
थांबले.