पेअरचा सदरा

शनिवारी सात वाजता मी खिडकी उघडते.
अठरा युरो, आणि मनगटावर निळा शिक्का.
तळ्याकाठच्या या लाकडी नाचमंडपात
अकरा उन्हाळे मी तिकिटं फाडतेय.
कोण कुणाबरोबर आलं, कोण एकटं परतलं,
मला विचारू नका, मला सगळं माहीत आहे.

तौनो बस डेपोत ब्रेक दुरुस्त करतो.
अकरा उन्हाळे एकच करडा शर्ट,
किंवा एकसारखे अकरा, कोण जाणे.
येतो, खांबाला टेकतो, कॉफी पितो,
शेवटच्या टँगोआधी गाडीत जाऊन बसतो.
खांबावर त्याच्या पाठीएवढा रंग उडालाय.

त्या शनिवारी मी आधी सदऱ्याला तिकीट दिलं,
मग वर माणूस पाहिला.

जांभळ्या कापडावर पोपटी पेअर,
एकेक तळहाताएवढं, देठासकट, पानासकट.
कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा पडदा दिसतोय, मी म्हटलं.
"बहिणीच्या," तो म्हणाला. "मी शिवलाय."
आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

हिवाळाभर दर मंगळवारी
नगरपालिकेच्या शिवणवर्गात आठ बायका आणि हा.
ग्रीस कधीच न निघणारी बोटं, आणि बॉबिन.
कॉलरचं एक टोक दुसऱ्याहून लांब होतं.
खिशावरचं अर्धं पेअर खालच्या अर्ध्याशी जुळत नव्हतं.
मला दिसलं.
मला दिसलं हे त्यालाही दिसलं.
सुटे पैसे मोजायला आम्ही दोघांनी फार वेळ घेतला.

जुलैत इथे अंधाराचीसुद्धा सोय नसते.
रात्री दहाला ऊन तिरपं होऊन आत येतं
आणि टाका न् टाका वाचून काढतं.

तो खांबापर्यंत गेला,
आणि टेकला नाही.

मग लाल दिवा लागला. आता बायकांनी निवडायचं.
पुरुष भिंतीशी रांगेत,
आपले हात कुणी दुसऱ्याचे सांभाळायला दिल्यासारखे.
अ‍ॅकॉर्डियननं श्वास भरून घेतला.
उजवीकडचा गेला. डावीकडचा गेला.
ज्याला ताल म्हणजे काय ते ठाऊक नाही, तो सेप्पोही गेला.
पेअर उभे राहिले.

जाकीट खुर्चीवर होतं, हाताच्या अंतरावर.
त्यानं ते घातलं नाही.

तुम्हाला वाटेल, आता कुणीतरी उठेल.
मलाही वाटलं. दोन गाणी झाली,
डास चावून झाले, कुणी उठलं नाही.
मीही नाही. खिडकीशेजारच्या दाराला कडी असते, आतून.
झाकली मूठ सव्वा लाखाची, खरं असेल.
मी जन्मभर झाकूनच ठेवलीय.
पण नाचायचं म्हटलं
तर मुठीत कुणी हात कसा द्यावा?

कॉफीच्या रांगेत ऐंशी वर्षांच्या लेम्पीनं
त्याची कॉलर दोन बोटांत धरली.
"हे टोक लांब आहे."
"हो."
"काजं हातानं केलीस?"
"हो."
"हं."
आमच्याकडे एवढं म्हणजे भाषण झालं.
तो त्या "हं"सकट घरी गेला,
बशीतला वेलचीचा पाव तसाच ठेवून.

पुढच्या शनिवारी मला वाटलं, करडा येणार.
पेअर आले. धुतलेले, इस्त्री केलेले,
आणि टोक तसंच लांब.
"कॉलर राहिली का?" मी विचारलं.
"राहू दे," तो म्हणाला. "मानेला सवय झालीय."
आणि हसला. अकरा उन्हाळ्यांत पहिल्यांदा
त्याचा एक दात वाकडा आहे हे मला कळलं.

एक सांगायचं राहिलं.
लाल दिव्याचं बटण माझ्याच टेबलाखाली असतं.
आज मी ते पाच मिनिटं आधीच दाबलंय.
आणि या स्वेटरच्या आत, कुणाला दाखवायला नाही म्हणून,
मी एक पिवळा ब्लाउज घातलाय.

स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला.
कडी गंजलेली आहे.
जरा जोर लावावा लागतो.