एक भोक कमी

दत्तनगरातल्या आमच्या खोलीत
आता माग नाही. दोन्ही लूम
भंगारवाल्याने किलोवर नेले.
उडालेला कापूस मात्र अजून
पत्र्याखालच्या वाशांना चिकटून आहे,
आणि पोटमाळ्यावर, युरियाच्या पोत्यात,
दोरीने ओवलेले जेकार्डचे पुठ्ठे :
मोराच्या चादरीचे, कमळाच्या,
आणि एका वाघाचे, ज्याला शेपूट कधी आलीच नाही.

दिवेलागणीला नायना एक गड्डी खाली काढायला लावतात.
मार्कंडेयाच्या तसबिरीपुढे बसतात,
पुठ्ठा मांडीवर, बोटं भोकांवरून,
ओठ हलत राहतात.
लहानपणी मला वाटायचं, मंत्र असेल.
एकदा कान लावून ऐकलं :

आठ दिवस नळ कोरडा होता,
इरव्वानं दोन घागरी दिल्या.
संपात साडेतीन महिने
हसनभाईनं उधारीची वही उघडली नाही.
थोरलीला गोवर. उतरला.
धोटा उडाला, भुवई गेली, डोळा राहिला.

मागणं एकही नाही.
नुसतं सांगणं,
तेही त्यालाच, ज्यानं हे सगळं
आधीच पाहिलेलं असणार.

'त्याला माहीत नाही का, नायना?'
'त्याला आहे गं.
माझ्याच ध्यानात राहत नाही.'
आणि पुढचा पुठ्ठा उलटला.

भोक असेल तिथं सुई आत शिरते,
ताण्यातला दोरा उचलला जातो.
पुठ्ठा कोरा असेल तिथं दोरा पडून राहतो,
फूल उमटत नाही.
हे मला शाळेत जायच्या आधी शिकवलेलं.

कमळाच्या त्रेचाळिसाव्या पुठ्ठ्यावर
बोट नेहमी थांबतं.
तिथं भोक पाहिजे होतं.
सिव्हिलमधून सत्यमचा निरोप आला तेव्हा
नायनांची हातोडी वर उचललेली होती.
ती खाली आली तेराव्यानंतर,
आणि आली ती पुढच्या भोकावर.
पाकळीचं टोक तुटकं राहिलं.
शेठनं सगळा लॉट परत पाठवला, बावीस चादरी.
आम्ही त्या पांघरल्या, पाहुण्यांना दिल्या,
अक्काच्या बाळंतपणात लागल्या.
आईवर शेवटी घातली ती त्यांतलीच.

मी एकदा चिडून पंच पुढे केला :
पाडून टाका ना ते भोक!
'मग पाकळी पुरी होईल,' म्हणाले,
'मी थांबू कुठं?'

सत्यम गेल्यापासून मी हात जोडलेले नाहीत.
नारळी पौर्णिमेला रथ आमच्या बोळाच्या तोंडाशी येतो,
सगळं घर उतरतं,
मी गच्चीवर कपडे वाळत घालते.
नायना नवं जानवं गळ्यात घालून येतात,
काही बोलत नाहीत,
प्रसादाचं खोबरं माझ्या ताटात ठेवतात.

यंदा साखरेनं त्यांची बोटं बधिर केली.
भोक कुठं, पुठ्ठा कुठं, काही कळेना.
तीन दिवस गड्डी मांडीवर तशीच होती.
चौथ्या संध्याकाळी माझा हात ओढून
त्यांनी पुठ्ठ्यावर ठेवला.
'तू वाच.'

काय वाचू? पण तोंडात आपोआप आलं,
इतकी वर्षं ऐकलेलं :
आठ दिवस नळ कोरडा, इरव्वा, दोन घागरी,
थोरलीला गोवर...
'हसनभाई राहिला.'
हसनभाईनं वही उघडली नाही.
'हां.'

त्रेचाळिसाव्यावर बोट अडलं.
नायना गप्प.
समोर ज्योत, तिची काजळी काचेवर चढत होती.
त्यांच्याकडे इथलं काही पाठ नव्हतं,
इतकी वर्षं ते इथं नुसते थांबत होते.

मी म्हटलं,
त्या सकाळी त्यानं माझी वेणी ओढली.
कडक भाकरी गुडघ्यावर आपटून फोडली,
चटणीतले शेंगदाणे वेचून
माझ्या वाटीत टाकले,
आणि म्हणाला, तुला दात आहेत, तू खा.
त्याचा पुढचा दात हलत होता.

'हे मला माहीत नव्हतं,' नायना म्हणाले.
मग बऱ्याच वेळाने :
'परत सांग. जरा मोठ्यानं.
त्यालाही ऐकू जाईल असं.'

मी परत सांगितलं.
बाहेर पाच दिवसांनी पाणी आलं होतं,
बोळभर कळशांचा गलका.
आमच्याकडचं कुणीही उठलं नाही.